पडद्यामागची कांडी

गेल्या मे महिन्यात कामठीतल्या आमच्या घरी रात्री साडेआठच्या सुमारास एक प्रकार नित्यनेमाने घडू लागला. जेवण आटोपून, कूलरच्या वाऱ्यात खुर्ची ओढून, ज्या कीर्तनाची दिवसभर वाट पाहिली ते ऐकायला आई बसली, की दहा-पंधरा मिनिटांत पडदा काळा व्हावा, कंपनीचे चिन्ह उमटावे आणि सारे काही पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हावे. आठ दिवस आम्ही नेटला दोष दिला, नंतर राऊटरला, नंतर आईच्या हातातल्या रिमोटला. शेवटी बाजारातला एक दुरुस्तीवाला आला. त्याने टीव्हीच्या मागे हात घालून तिथे लटकणारी, नेटवरून कार्यक्रम आणणारी बोटभर लांबीची कांडी चाचपली, तिची वायर कोठे गेली आहे हे पाहिले आणि एवढेच म्हटले, ‘‘याची वायर टीव्हीत नका लावू जी, अ‍ॅडॉप्टर घ्या आन् बोर्डात लावा.’’

त्या एका वाक्याने आमचे घरगुती संकट तर मिटलेच, पण या यंत्रांची निवड आपण कोणत्या निकषांवर करतो, हा प्रश्न त्याने माझ्या मनात कायमचा रुजवला. जाहिरातीत यंत्राचे सामर्थ्य असते, चित्राची सूक्ष्मता असते, ध्वनीचे वैभव असते. त्या यंत्राला ज्या छपराखाली राहावयाचे आहे ते छप्पर, त्याला मिळणारी वीज आणि त्याच्यासमोर बसणारे माणूस यांचा उल्लेख नसतो. आणि माझे असे ठाम मत झाले आहे की यंत्रायंत्रांतील खरा भेद याच तीन ठिकाणी पारखला पाहिजे.

ज्यांनी घरातला पडदा बदलताना पाहिला आहे त्यांना ही वाटचाल ठाऊक आहेच. नागपूरची आकाशवाणी १९४८ सालच्या जुलैत सुरू झाली. मुंबईला दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी आले. पुढे गच्चीवरचा अँटेना गेला आणि गल्लीतून केबल आली. आणि केबलला सेट टॉप बॉक्स सक्तीचा करणारा जो टप्पा नागपूर शहराला लागू झाला त्याची मुदत ३१ मार्च २०१३ ही होती. या साऱ्या व्यवस्थांत एक गोष्ट समान होती: कार्यक्रम एका ठिकाणाहून निघत असे आणि एकाच क्षणी सर्वांच्या घरी पोहोचत असे. इंटरनेटवरून येणाऱ्या चित्राची, म्हणजे ज्याला आपण स्ट्रीमिंग म्हणतो त्याची, रीत मुळातच निराळी आहे. येथे प्रत्येक घर आपापली मागणी रुजू करते आणि प्रत्येक घराला त्याचा स्वतंत्र पुरवठा होतो. चित्रपटाचे काही सेकंदांचे तुकडे पाडलेले असतात, प्रत्येक तुकड्याच्या कमी-अधिक स्पष्टतेच्या अनेक प्रती तयार असतात, आणि आपले यंत्र नेटचा वेग क्षणोक्षणी जोखून पुढचा तुकडा कोणत्या प्रतीचा मागवावा हे ठरवीत असते. पावसात चित्र एकाएकी धुरकट होते आणि थोड्या वेळाने आपोआप निवळते, ते याच तजविजीमुळे.

ही मागणी करणारे यंत्र म्हणजेच आपल्या चर्चेचा विषय. अमेरिकेत रोकू कंपनीने २००८ साली नेटफ्लिक्ससाठी पहिला डबा काढला. भारतात गूगलचे क्रोमकास्ट २०१४ च्या अखेरीस २,९९९ रुपयांना आले. त्याला स्वतःचा रिमोटही नव्हता, मोबाइल हाच त्याचा रिमोट. अ‍ॅमेझॉनची फायर टीव्ही स्टिक एप्रिल २०१७ मध्ये ३,९९९ रुपयांना आली, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने स्वस्त नेटचे दार आधीच उघडले असल्यामुळे ती लहान गावांपर्यंत झपाट्याने पोहोचली. शाओमीचा डबा २०२० साली ३,४९९ रुपयांना निघाला. अ‍ॅपलचे यंत्र या सर्वांत महाग. २०२२ सालच्या आवृत्तीची किंमतच १४,९०० रुपयांपासून सुरू झाली. यांशिवाय ज्यांच्या पोटातच हे सारे बसवलेले आहे असे स्मार्ट टीव्ही, आणि एअरटेल, टाटा प्ले, जिओ यांच्यासारख्या कंपन्यांचे स्वतःचे डबे, असा हा एकंदर परिवार आहे.

आता प्रथम विजेविषयी, कारण आमची फजिती तिच्यापायीच झाली. टीव्हीच्या मागे जे यूएसबीचे भोक असते ते पेनड्राइव्हसाठी दिलेले असते. जुन्या प्रमाणानुसार त्यातून अर्धा अँपिअर, म्हणजे सुमारे अडीच वॅट एवढीच वीज मिळते. फायर स्टिकसोबत येणारा अ‍ॅडॉप्टर मात्र पाच वॅटचा असतो. जोवर पडद्यावर नुसती चित्रे सरकत असतात तोवर अडीच वॅटांत निभावते. पण स्पष्ट चित्राचा सलग प्रवाह उलगडण्याचे श्रम सुरू झाले की पुरवठा अपुरा पडतो आणि यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होते. भिंतीवर वायर लोंबू नये म्हणून कित्येक घरांत हीच चूक होते, आणि यंत्र सदोष आहे असा समज करून घेऊन नवे आणले जाते.

दुसरी गोष्ट उष्णतेची, आणि ती तर आपल्या विदर्भाची खास. अ‍ॅपलने आपल्या यंत्राच्या तपशीलपत्रकात भोवतालचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस असावे असे नमूद केले आहे. कामठीत मे महिन्यातली दुपार ४५ अंशांच्या घरात जाते. टिनाच्या किंवा स्लॅबच्या छताखालची खोली संध्याकाळीही निवत नाही. आणि कांडी असते टीव्हीच्या तापलेल्या पाठीला चिकटून, जेथे कूलरचा वारा पोहोचत नाही. आतील प्रोसेसर अतिशय तापला की स्वतःला वाचवण्यासाठी तो आपली गती कमी करतो, आणि मग रिमोटची कळ दाबल्यावर पडद्यावर काही हलायला वेळ लागतो. यावर उपाय अगदी साधा आहे. बहुतेक कांड्यांबरोबर वीतभर एचडीएमआय वायरचा तुकडा येतो आणि तो बहुतेक घरांत खोक्यातच पडून राहतो; तो जोडून कांडी टीव्हीच्या पाठीपासून दूर, मोकळ्या हवेत सोडावी. त्याने वायफायचीही अडचण कमी होते, कारण टीव्हीच्या धातूच्या पाठीआड दडलेल्या कांडीला राऊटरचा संदेश धड पोहोचत नाही. उन्हाळा आणि जाड भिंती या दोन कारणांस्तव मी कांडीपेक्षा टेबलावर ठेवता येणाऱ्या डब्याला अधिक मान देतो. त्याला हवा मिळते, आणि काही डब्यांना नेटची वायर थेट जोडण्याची सोय असते.

कामठीतल्या लष्करी छावणीच्या बाजूची जुनी घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना जाड भिंती म्हणजे काय हे सांगावयास नको. वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झची पट्टी वेगवान खरी, पण भिंत ओलांडताना ती दुबळी होते, २.४ ची पट्टी भिंतीपलीकडे जाते, मात्र तिच्यावर शेजाऱ्यांच्या राऊटरांची गर्दी असते. वेगाचा बडेजाव फारसा लागत नाही. नेटफ्लिक्सच्या शिफारशीप्रमाणे पूर्ण एचडी चित्राला ५ एमबीपीएस आणि फोर-के चित्राला १५ एमबीपीएस पुरतात. पण जे घर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवते त्याने दुसरा हिशेब ध्यानी ठेवावा: एचडी चित्र तासाला ३ जीबीपर्यंत आणि फोर-के ७ जीबीपर्यंत डेटा खाऊ शकते. दिवसाच्या दीड-दोन जीबीत एक चित्रपटही पुरा होणार नाही. अशा घरी फोर-केची कांडी आणणे म्हणजे निव्वळ खर्चवेच.

प्रोसेसर आणि मेमरी यांच्या तुलनेवर मी शाई दवडीत नाही. साध्या कांडीत ८ जीबी जागा असते आणि दहाबारा अ‍ॅप भरली की ती संपते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

बाजारात बिननावाचे अँड्रॉइड डबेही मिळतात; किंमत कमी आणि ‘सर्व काही फुकट’ हे आश्वासन. त्यांच्यापासून मात्र मी कळकळीने परावृत्त करीन. ज्या डब्याला संरक्षणाची अधिकृत सनद मिळालेली नसते त्यावर नेटफ्लिक्ससारख्या सेवा एकतर चालत नाहीत किंवा अंधूक चित्रच देतात. ही झाली लहान हानी. मोठी हानी अशी की यांपैकी काही डब्यांत कारखान्यातूनच घातक प्रणाली भरलेली आढळली असून, जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला आहे. असा डबा आपल्या घरचे नेट परक्याच्या दुष्कृत्याला वाट म्हणून देतो, आणि घरच्या माणसाला त्याची गंधवार्ताही नसते.

नामांकित यंत्रही चिरंजीव नसते, हे ९ मार्च २०२५ रोजी जगभर दिसून आले. २०१५ साली निघालेली क्रोमकास्टची दुसरी आवृत्ती त्या दिवशी एकाएकी निकामी झाली, कारण तिच्या ओळखीची साक्ष देणाऱ्या एका डिजिटल दाखल्याची दहा वर्षांची मुदत संपली होती. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली. पण काडीची झीज न झालेली वस्तू दूरवरच्या एका दस्तऐवजाच्या मुदतीने मरू शकते, हे यंत्र घेण्यापूर्वी आपण लक्षात घेतले पाहिजे. यासाठीच मला स्मार्ट टीव्हीच्या पोटातील यंत्रणेपेक्षा बाहेरची कांडी बरी वाटते. टीव्हीचा पडदा दहा वर्षे टिकतो, त्यातील यंत्रणा चारपाच वर्षांत मंदावते. कांडी बदलता येते, पडदा फेकावा लागत नाही.

आणि आता जो भेद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो. यंत्र सुरू केल्यावर जो पहिला पडदा दिसतो, त्यावर काय असावे हे कोण ठरवते? फायर टीव्हीवर अ‍ॅमेझॉनच्या कार्यक्रमांना आणि जाहिरातींना अग्रस्थान असते. गूगलच्या यंत्रणेत शिफारशींच्या रांगा असतात. अ‍ॅपलचा पहिला पडदा त्या मानाने शांत असतो, पण त्या शांततेचे मोल तिप्पट-चौपट द्यावे लागते. पूर्वीच्या अमदानीत जकातनाक्याचा इजारा ज्याच्याकडे असे, त्याच्या मर्जीवर व्यापाऱ्याचा माल गावात लवकर पोहोचेल की उशिरा हे अवलंबून राही. आजच्या पहिल्या पडद्याचा इजारा हा तसाच आहे. हा प्रश्न भारताच्या स्पर्धा आयोगापुढेही गेला. अँड्रॉइड टीव्ही बनवणाऱ्या कंपन्यांवर गूगल आपली अ‍ॅप एकगठ्ठा घेण्याची अट लादते, अशा तक्रारीत एप्रिल २०२५ मध्ये तडजोड झाली, गूगलने २०.२४ कोटी रुपये भरले आणि प्ले स्टोअरचा परवाना स्वतंत्रपणे देण्याचे मान्य केले. आपल्या बैठकीतल्या पडद्याचा निवाडा दिल्लीत व्हावा लागतो, इतका तो प्रश्न गंभीर आहे.

कामठीसारख्या गावात या पहिल्या पडद्याला आणखी एक अर्थ आहे. १८२१ साली कन्हानच्या काठी इंग्रजांनी छावणी वसवली तेव्हापासून येथे नाना प्रांतांची माणसे येत राहिली. विणकरांच्या मोहल्ल्यांत उर्दू आहे, बाजारात हिंदी आहे, घरांत नागपुरी मराठी आहे. आणि ज्या गार्ड्‌स रेजिमेंटचे केंद्र येथे आहे ती १९४९ साली सर्व प्रांतांच्या जवानांची मिळून उभी राहिलेली पहिली पायदळ पलटण असल्यामुळे, छावणीतल्या एकेका क्वार्टरात तमिळपासून पंजाबीपर्यंत कोणतीही भाषा ऐकू येते. जे यंत्र अशा घराला त्याची भाषा दोन कळांत काढून देईल तेच त्याच्यासाठी उत्तम. गूगलने २०१७ साली आपल्या आवाजी शोधात मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा एकदमच घेतल्या. फायर स्टिकमधील अलेक्साला हिंदी समजते. पण दुकानदाराच्या सांगण्यावर विसंबू नये. घरातल्या वडीलधाऱ्या माणसालाच दुकानात न्यावे, रिमोट त्याच्या हाती द्यावा आणि त्याच्याच बोलीत बोलू द्यावे.

ज्या घरी नेट नाही किंवा बेभरवशाचे आहे, तेथे मी यांपैकी कशाचीही शिफारस करणार नाही. डीडी फ्री डिश २००४ सालापासून चालू आहे. तबकडी आणि डब्याचा एकदाचा खर्च केला की महिन्याचा तगादा नाही, आणि सह्याद्री वाहिनी तीवर दिसते. ज्यांना बातम्या, क्रिकेट आणि मालिका ठरल्या वेळी हव्यात आणि अधूनमधून एखादा चित्रपट, त्यांना कंपनीचा एकत्रित डबा सोयीचा. एकच रिमोट, एचडीएमआय बदलण्याची यातायात नाही. मात्र जोडणी सोडल्यास डबा आपला राहतो की परत करावा लागतो, हे सहीपूर्वी कागदावर वाचून घ्यावे.

आमच्या घरी नवे यंत्र आणावे लागले नाही. जुनीच कांडी आता वीतभर वायरला लोंबकळत टीव्हीच्या बाजूला, कूलरच्या झोतात असते. तिची वीज बोर्डातून येते, आणि झाडताना ओढली जाऊ नये म्हणून वहिनीने विजेची वायर भिंतीला पांढऱ्या चिकटपट्टीने तीन ठिकाणी डकवली आहे. पुतण्याने एका रविवारी आईजवळ बसून पहिल्या पडद्यावरची अ‍ॅप सरकवली. आईला लागणारी तीन डाव्या हाताला ओळीने आणली, बाकीची मागे टाकली, आणि रिमोटवरच्या ‘होम’च्या कळेवर तिच्या कुंकवाचा ठिपका लावून दिला. ठिपका आठ दिवसांत पुसला गेला. तोवर तिच्या अंगठ्याला कळेची जागा पाठ झाली होती. रात्री साडेआठला, चष्मा न लावताच, ती कीर्तन लावून बसते.