कुत्र्याची घाण खाण्याची खोड

शेताच्या राखणीस कुत्रें नाहीं असा कास्तकार सेवाग्रामच्या आसपास क्वचितच आढळेल. रानडुकरांच्या उपद्रवामुळें तें ठेवणें भागच पडतें. परंतु याच इमानी प्राण्यानें उकिरड्यांत तोंड घालावें, वासराचें ताजें शेण खावें, प्रसंगीं मनुष्याच्या विष्ठेसहि तोंड लावावें, आणि लगेच येऊन घरच्या मुलाचा गाल चाटावा, हें पाहून कोणासहि किळस येते. मग काठी उगारली जाते. काठीनें हें काम होत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. व तो अनुभव आम्हांस महाग पडला म्हणूनच हा लेख लिहीत आहों.

आमच्या गोठ्यांतील एक गवळाऊ गाय सहाव्या महिन्यांत गाभडली. सालदारानें अर्धवट वाढलेलें वासरूं व वार उकिरड्यावर टाकून दिलीं. आम्हीं तें पाहिलें, पण कांहीं बोललों नाहीं. सकाळीं तेथें कांहींच शिल्लक नव्हतें, आणि मोत्या गोठ्यांतील कुटाराच्या ढिगावर तृप्तपणें निजला होता. पुढील वर्षीं दुसरी गाय पांचव्या महिन्यांत गाभडली. पशुवैद्य आले तेव्हां त्यांनीं पहिला प्रश्न विचारला तो त्या गाईविषयीं नव्हता; मागील वेळची वार कोठें टाकली होती, असें त्यांनीं विचारलें.

या प्रश्नाचें मर्म आमच्या पुष्कळ बंधूंस ठाऊक नसेल. गाई गाभडण्याच्या कारणांत निओस्पोरा नांवाचा एक अतिसूक्ष्म परोपजीवी जीव आहे. त्याचें घर कुत्र्याच्या आंतड्यांत असतें, हें १९९८ सालीं प्रयोगानें सिद्ध झालें. बाधित गाईची वार किंवा मेलेला गर्भ कुत्र्यानें खाल्ला म्हणजे तो जीव त्याच्या पोटांत वाढतो, त्याच्या विष्ठेंतून बाहेर पडतो, आणि ती विष्ठा कुटारांत वा पाण्याच्या टाक्यांत मिसळली कीं दुसऱ्या गाईच्या पोटांत जातो. एकदां गाईंत शिरला म्हणजे तो आईकडून गर्भांतल्या वासरासहि लागतो. दुसऱ्या गाईच्या रक्तांत या रोगाची खूण सांपडली. पहिली तोंवर विकली गेली होती, व घेणाऱ्यास ती गाभडल्याचें आम्हीं सांगितलें नव्हतें. मोत्यानेंच रोग नेला असें आम्ही शपथेवर म्हणूं शकत नाहीं. परंतु त्यास वाट आम्हींच करून दिली होती, एवढें खरें.

दुसरी गोष्ट माणसांच्या जिवाची. कापलेल्या शेळी-मेंढीचें काळीज, फोपसें कुत्र्यास फेंकण्याची चाल सर्वत्र आहे. त्यांत पाण्यानें भरलेल्या गांठी असल्यास त्यांतून कुत्र्याच्या पोटांत अर्ध्या बोटाहून लहान, केवळ कांहीं मिलिमीटर लांबीचे पट्टकृमी होतात. साधारण सहा-सात आठवड्यांनीं त्यांचीं अंडीं विष्ठेंतून पडूं लागतात; तीं कुत्र्याच्या केसांस, तोंडास चिकटतात व मुलांच्या हातांवाटे पोटांत जातात. मग माणसाच्या यकृतांत वा फुप्फुसांत तशीच गांठ वर्षानुवर्षें वाढते. म्हणून असलें मांस चांगलें उकडल्याशिवाय कुत्र्यास देऊं नये, व जंताचें औषध पशुवैद्यांनीं सांगितलेल्या अंतरानें चुकवूं नये.

आतां खोडीच्या मुळाकडे वळूं. कुत्री आपल्या पिलांची घाण चाटून घर स्वच्छ ठेवते. अगदीं लहान पिलांस तर आईनें चाटल्याशिवाय मलमूत्र होतच नाहीं. म्हणजे जी गोष्ट आपणांस ओंगळ वाटते ती कुत्र्याच्या जातींत मूळचीच आहे. कॅलिफोर्नियांतील डेव्हिस येथील विद्यापीठाच्या २०१८ सालच्या पाहणींत, घरांत उत्तम पोसलेल्या कुत्र्यांपैकीं शेंकडा सोळा ही खोड वरचेवर करतांना आढळलीं, आणि तीं बहुतेक दोन दिवसांच्या आंतली ताजीच घाण खात. ही खोड मोडण्याकरितां विकल्या जाणाऱ्या पुड्यांचा गुण शेंकडा दोनांहून अधिक आला नाहीं. तेव्हां विष्ठेवर तिखट टाकण्याचा आमच्याकडील उपायहि बाजूसच ठेवावा हें बरें.

परंतु गांवच्या कुत्र्यास भूक हें कारण अधिक. रात्रीं उरलेला भाकरीचा तुकडा व ताकाचें पाणी यांवर त्यानें बारा तास राखण करावी, अशी आपली अपेक्षा असते! आम्हीं मोत्यास ठराविक वेळीं दोनदां जेवण सुरू केलें : ज्वारीची भाकरी, उकडलेली डाळ, आणि जमेल तेव्हां अंडें. मारणें बंद केलें; कारण मार खाणारें कुत्रें घाण सोडत नाहीं, उलट धनी येण्यापूर्वीं ती घाईनें गिळावयास शिकतें. त्याऐवजीं हांकेसरशी आलें तर हातावर गोड तुकडा द्यावा. मात्र भरपूर खाऊनहि कुत्रें वाळत असेल व त्याची विष्ठा सैल, तेलकट पडत असेल, तर तो पचनाचा रोग समजून पशुवैद्यांस दाखवावें.

मुख्य उपाय मात्र कुत्र्याचा नाहीं, आपला आहे. गांधीजी १९३६ सालीं येथें आले तेव्हां या गांवाचें नांव शेगांव होतें. सेवाग्राम हें नांव १९४० सालचें. मैला उथळ चरांत टाकून त्यावर माती लोटावी, म्हणजे त्याचें सोनखत होतें, हें त्यांचें सांगणें होतें. भटक्या कुत्र्यांस तुकडे टाकणें ही दया नव्हे, ज्यास कुत्रें हवें त्यानें तें रीतसर पाळावें, असेंहि त्यांनीं १९२६ सालीं लिहिलें होतें. त्यावरून त्यांस टीका पुष्कळ सोसावी लागली. परंतु उथळ चराचा नियम वारेस लावूं नये. कुत्रें फूटभर माती सहज उकरतें. वार व मेलेलें वासरूं हातमोजे घालूनच उचलावें, कारण गाभडण्याचीं दुसरीं कारणें माणसासहि बाधतात. तीन-चार फूट खड्डा, वर चुना, माती, आणि मातीवर बाभळीच्या काट्या, असें आम्ही आतां करतों. कुटाराच्या ढिगाभोंवतीं कुडाचें कुंपण घातलें आहे.

गाय घेणाऱ्या शेजाऱ्यास आम्ही उशिरां का होईना, सर्व सांगून आलों. त्यानें रक्त तपासून घेतलें नाहीं, आणि त्याच्याहि दारीं कुत्रें आहे. मोत्या अजून एखादे वेळीं नाल्याच्या गोदरीकडे जातो. हांक मारली तर परततो. दहांतून सात वेळां.