खिडकीच्या चौकटीपलीकडची काशी

पर्यटन बसची रचना ठरवताना प्रवाशाचा डोळा नेमका कुठे असेल, हे आधी पाहावे लागते. साध्या बसमध्ये तो रस्त्यापासून साधारण २.२ मीटर उंचीवर असतो. खिडकीची वरची कड डोळ्यापेक्षा अर्धा मीटर उंच आणि पाऊण मीटर दूर असेल, तर नजर वर ३४ अंशांपर्यंतच पोहोचते. दहा मीटरवरच्या २० मीटर उंच शिखराचा कळस दिसायला मात्र ६१ अंश लागतात. वाराणसीच्या दाटीच्या रस्त्यांवर बसचे छतच कळस झाकते.

दुमजली बसमध्ये डोळा सुमारे ३.७५ मीटरवर जातो. तरी त्या कळसासाठी ५८ अंश लागतातच. उंचीचा खरा फायदा आडोशापलीकडचे पाहण्यात आहे. पाच मीटरवर अडीच मीटरची भिंत असेल, तर साध्या बसमधून तिच्यामागची जमीन दिसत नाही; वरच्या मजल्यावरून मात्र १५ मीटरपुढची सगळी जमीन दिसते. कळसासाठी छतालाच काच हवी. मुंबई–मडगाव मार्गावर २०१७ मध्ये आलेल्या रेल्वेच्या व्हिस्टाडोम डब्यात काचेच्या छताबरोबर फिरणारी आसनेही आहेत.

अशा आसनांचे मोल वाराणसीत गंगेवरच्या मालवीय पुलावर कळते. १८८७ मध्ये खुल्या झालेल्या या पुलावर खालून रेल्वे आणि वरून रस्ता जातो. घाटांची चंद्रकोर पुलाच्या दक्षिणेला आहे. शहराकडे परतताना वाहन डावीकडून, म्हणजे घाटांच्याच बाजूने चालते आणि समोरून येणारी वाहने आड येत नाहीत. त्या वेळी सगळी आसने डावीकडे वळवता आली, तर पलीकडच्या रांगेलाही घाट दिसतील.

मात्र काच जड असते. ती छतावर बसवली की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि कलंडण्याचा धोका वाढतो. म्हणूनच दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर प्रवाशांइतके वजन ठेवून ती २८ अंश कलवण्याची चाचणी घेतली जाते. काशीच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे अवरक्त किरण परतवणारी काच हवी. रात्री आतल्या दिव्यांचे प्रतिबिंब काचेवर पडून बाहेरचे दृश्य पुसट होते; त्यासाठी दिवे मंद आणि पायांच्या पातळीवर हवेत.

दशाश्वमेधाच्या पायऱ्यांपर्यंत कोणतीच बस जात नाही. तेथे नावच हवी. पूर्वाभिमुख घाटांवर सकाळचे ऊन थेट पडते, तेव्हा नदीतून ते सर्वांत स्पष्ट दिसतात. सकाळी नाव आणि नंतर सारनाथसाठी काचेच्या छताची बस, अशी जोड काशीला शोभेल.