मोबाईलने डोळे गेले, की चाळिशी आली?



पुढच्या बैठकीत पासबुक वाचताना कोण किती हात लांब करतं, ते जरा बघा. आमच्याकडच्या एका गटात 43 वर्षांच्या ताई सचिव होत्या. कितीतरी वर्षं वही त्यांनीच लिहिली. मग एकदा हप्त्याच्या रकान्यात 3 चा 8 झाला, पुढच्या महिन्यात पुन्हा झाला. बायका कुजबुजायला लागल्या. ताई म्हणाल्या, "मोबाईल बघून बघून डोळे गेले माझे, आता दुसरीला द्या हे काम." कुणी फार विचारलं नाही. दुसरी सचिव झाली.

पण ताईंचे डोळे गेलेच नव्हते. त्यांना चाळिशी लागली होती.

डोळ्याच्या आत एक भिंग असतं. जवळचं बघताना ते फुगतं, लांबचं बघताना चपटं होतं. लहानपणी ते लवचीक असतं, वयाबरोबर कडक होत जातं. चाळिशीच्या आसपास ते पुरेसं फुगेनासं होतं. मग सुईत दोरा जात नाही, तांदळातला खडा दिसत नाही, ओटीपी वाचायला मोबाईल लांब धरावा लागतो. बांधावरून येणारा माणूस मात्र बरोबर ओळखता येतो. आपल्या सासूबाईंनी कधी मोबाईल हातात धरला नसेल, तरी त्यांनाही हेच झालं होतं. त्यांना बारीक अक्षर वाचायची वेळ कमी यायची, एवढंच.

यावर उपाय जवळचा चष्मा. "एकदा लावला की नंबर वाढत जातो," असं बायका म्हणतात. नंबर वयाने वाढतो, चष्मा लावला काय नि न लावला काय. आणि चष्मा लावला की म्हातारी दिसते म्हणायचं, तर रक्कम चुकल्यावर जी लाज वाटते तिचं काय?

आसाममध्ये चहाची पानं खुडणाऱ्या 751 कामगारांचा एक अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. सगळे चाळिशीच्या पुढचे, त्यात बायका जास्त. निम्म्यांना जवळचा चष्मा लगेच दिला, बाकीच्यांना अभ्यास संपल्यावर. चष्मेवाल्यांचं काम दुसऱ्यांपेक्षा सुमारे 22 टक्के जास्त वाढलं. शिवणकाम, पापड, मसाले, धान्य निवडणं, आपलीही कामं अशीच नजरेची आहेत. गटातून शिलाई मशीनसाठी कर्ज घेताना चष्म्याचा खर्च कुणी धरत नाही. तो धरायला हवा असं मला वाटतं.

आता मोबाईलकडे वळू, कारण तोही अगदी निर्दोष नाही. एरवी आपण मिनिटाला साधारण 15 वेळा पापणी मिटतो. मोबाईलकडे टक लावली की हे निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं. पापणी मिटली नाही की डोळ्यावरचं पाणी सुकतं. म्हणून डोळे चुरचुरतात, लाल होतात, कपाळ दुखतं. त्यात दिवसभर चुलीचा धूर. ॲपवर नोंदी भरणाऱ्या सीआरपी ताईंना तर हा त्रास जास्तच. दर 20 मिनिटांनी मान वर करा, समोरच्या कडुलिंबाकडे 20 सेकंद बघा, मुद्दाम पापण्या मिटा. मोबाईल डोळ्यांपासून हातभर लांब धरा. रात्री दिवा मालवून अंथरुणात बघू नका. "मोबाईलच्या निळ्या प्रकाशापासून वाचवणारा" म्हणून महागाचा चष्मा कुणी गळ्यात मारत असेल तर पैसे वाचवा. त्याने डोळ्यांचा थकवा कमी होतो असं तपासण्यांत दिसलेलं नाही.

डोळे लाल झाले म्हणून दुकानातून विचारून आणलेले थेंब महिनोन् महिने घालू नका. काही थेंबांत स्टेरॉईड असतं. ते जास्त दिवस घातलं तर डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. मध, गुलाबपाणी, दूध डोळ्यात घालणंही नको.

पोरांचं वेगळं आहे. त्यांना लांबचं दिसेनासं होतं, फळ्यावरचं वाचता येत नाही. पोर बोलत नाही, टीव्हीच्या पुढ्यात जाऊन बसतं, आणि आपण त्याला रागावतो. रोज दोन तास बाहेर उजेडात खेळलेल्या मुलांना हा नंबर लागण्याचं प्रमाण कमी असतं. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला जेवू घालताना मोबाईल देऊच नका.

बाजारात तयार चष्मे स्वस्तात मिळतात, पण पहिल्यांदा डोळे तपासूनच घ्या. दोन डोळ्यांचा नंबर वेगळा असू शकतो. शिवाय काचबिंदू गुपचूप नजर खातो, दुखत नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. ज्यांना शुगर आहे त्यांनी वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासायलाच हवा. ग्रामीण रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात डोळे तपासून मिळतात. तपासणीचा वार आधी आशाताईंना विचारून घ्या. जाताना जुना चष्मा आणि बीपी-शुगरचे कागद सोबत ठेवा. बाहुली मोठी करायचे थेंब घातले तर चार-सहा तास अंधुक दिसतं, उजेड सहन होत नाही. त्यामुळे स्कूटीवर एकटीने जाऊ नका, गटातली एखादी बरोबर घ्या. तिचेही डोळे तपासून होतील.