विश्लेषण : दीडशे वर्षांचा दगडी पूल पुरात पडला, मग ग्रीसने तो पुन्हा दगडातच का बांधला?

१ फेब्रुवारी २०१५. ग्रीसच्या वायव्येकडील एपिरस प्रांतात अराख्थोस नदीला महापूर आला आणि प्लाका गावाजवळचा १८६६ सालचा दगडी पूल कोसळला. पाच वर्षांनी, २०२० मध्ये, तो त्याच जागी, त्याच आकारात, पुन्हा दगडातच उभा राहिला. काँक्रिटच्या जमान्यात एवढा खटाटोप कशासाठी?

डोंगरात इतके पूल का?

एपिरस म्हणजे पिंडस पर्वतरांगेतला दुर्गम भाग. ऑटोमन राजवटीत व्यापारी, मेंढपाळ आणि खेचरांचे तांडे याच दऱ्या ओलांडत. पुलाचा खर्च अनेकदा सरकार नव्हे, तर स्थानिक धनिक किंवा मठ उचलत. किपी गावाजवळचा तीन कमानींचा पूल १८१४ मध्ये एका मठाधिपतीच्या पैशातून दगडी झाला. हे गाव ज्या झागोरी भागात आहे, तो २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.

लोखंडाशिवाय कमान उभी कशी राहते?

प्लाकाच्या मुख्य कमानीचा गाळा सुमारे ४० मीटर, उंची सुमारे २० मीटर. म्हणजे सहा-सात मजली इमारत खालून सहज जाईल! आधी लाकडी सांगाडा उभारायचा, त्यावर दोन्ही काठांकडून चिरे रचत यायचे, माथ्यावर कळीचा दगड बसवायचा आणि मग सांगाडा काढायचा. खरी परीक्षा तेव्हाच. दगड दाब उत्तम सोसतो, ताण मात्र नाही. कमान सगळा भार दाबात बदलून दोन्ही काठांवर ढकलते. (कॉलेजात ही गणितं कागदावर सोडवली होती, पण नुसत्या अनुभवावर ४० मीटरचा गाळा घेणाऱ्या गवंड्यांपुढे ती फिकी वाटतात.)

म्हणूनच अशा पुलाला वरच्या वजनापेक्षा पायाचा धोका जास्त. पुराने पायाखालची माती-दगड खरवडले आणि पाया किंचित जरी सरकला, तरी दाबाची वाट तुटते आणि अख्खी कमान खाली येते.

मग पुन्हा दगडच का?

प्लाकाचा पूल आधीही पडला होता. १८६० मध्ये जुना पूल गेला, १८६३ मध्ये बांधलेलाही टिकला नाही. कोस्टास बेकास या गवंड्याच्या हातचा तिसरा टिकला. १८८१ नंतर तीसेक वर्षे ग्रीस आणि ऑटोमन साम्राज्याची सीमा इथेच होती. त्यामुळे लोकांसाठी तो नुसता रस्ता नव्हता. अथेन्सच्या राष्ट्रीय तंत्रविज्ञान विद्यापीठातील तज्ज्ञांनी जुन्या नोंदी आणि मोजमापे अभासून आराखडा तयार केला.

आपल्याकडे काय झाले?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल पुरात गेला. तिथे २०१७ मध्ये काँक्रिटचा पूल झाला आणि ते योग्यच होते. महामार्गाची वाहतूक खेचरांच्या पुलावर चालत नाही. पण महाडला त्या रात्री पूल वाहून गेल्याचे वाहनचालकांना कळलेच नाही आणि दोन एसटी बस थेट नदीत गेल्या.

एपिरसमध्येच कोनित्सा गावाजवळ १८७० च्या सुमाराचा एककमानी पूल आहे. त्याच्या कमानीखाली एक छोटी घंटा टांगलेली आहे. वारा धोकादायक झाला की ती आपोआप वाजते आणि माणसे काठावरच थांबतात.