परक्या कॅमेऱ्याची ओळख

अकोले परिसरातील उसात बिबट्यांचा वावर किती आहे, हे विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी कॅमेरा सापळ्यांच्या साह्याने मोजले आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दर 100 चौरस किलोमीटरला सुमारे 5 प्रौढ बिबटे आढळले. त्या सापळ्यांना आपापल्या जागी छायाचित्र टिपण्यापलीकडे कोणाशी बोलावे लागत नव्हते. बिबट्यावर नजर ठेवायला गोठ्यावर लावलेल्या वायरलेस कॅमेऱ्याला मात्र राउटर आणि रेकॉर्डर या दोघांशी जमवून घ्यावे लागते, आणि अडते ते तिथेच.

बहुतेक स्वस्त कॅमेरे 2.4 गिगाहर्ट्झ ही लांब पल्ल्याची लहरपट्टीच ओळखतात, त्यामुळे 5 गिगाहर्ट्झचे नेटवर्क त्यांना दिसतच नाही. पुढचा अडथळा भाषेचा. अॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी 2008 मध्ये उभारलेला ऑनव्हिफ हा सामाईक नियमसंच निरनिराळ्या कंपन्यांच्या उपकरणांना एकमेकांचे चित्र मिळवून देतो. पण अनेक कॅमेऱ्यांत तो मुळात बंद असतो व त्यासाठी वेगळा पासवर्डही लागतो, ही गोष्ट खोक्यावर क्वचितच लिहिलेली असते. एवढे जुळूनही पडदा काळाच राहिला, तर चित्र आटोपशीर करण्याची एच.265 ही पद्धत जुन्या रेकॉर्डरला उलगडत नसण्याची शक्यता मोठी. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एच.264 निवडून पाहावे. केवळ स्वतःच्या मोबाइल अॅपवर चालणारा कॅमेरा कितीही स्वस्त मिळाला, तरी जुन्या रेकॉर्डरसाठी तो घेऊ नये.