धक्का कमी, नेम पक्का

एनसीसी कॅम्पमधला फायरिंगचा दिवस आठवतोय? तुम्ही कॅडेट नसाल तर वर्गातल्या एखाद्या कॅडेटला विचारा. पालथं पडायचं, पॉइंट टू टूची रायफल खांद्याला लावायची, पाच राऊंड मारायचे आणि मग टार्गेटजवळ जाऊन ग्रुपिंग बघायचं. माझ्या पाच गोळ्या पाच दिशांना गेल्या होत्या. त्यातल्या दोन तर कागदावर सापडल्याच नाहीत. उस्ताद टार्गेटकडे बघतसुद्धा नव्हते. ते मघापासून माझ्याकडेच बघत होते. "आँख क्यों बंद करता है?" एवढंच म्हणाले आणि पुढच्या कॅडेटकडे वळले.

गंमत अशी की त्या रायफलला धक्का म्हणावा असा नसतोच. गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची आणि रायफल तिच्या हजारपटीहून जड. मी घाबरलो होतो तो आवाजाला, आणि जो बसणार असं वाटत होतं त्या धक्क्याला. चाप ओढायच्या आधीच खांदा आखडतो, डोळे मिटतात, नळी खाली जाते. नेमबाज याला 'फ्लिंच' म्हणतात. एकदा अंगात शिरला की काढायला महिने लागतात.

हे सगळं परत आठवलं ते माझ्या मावसभावामुळे. दादा अमेरिकेत ओहायोला असतो. त्याच्या ऑफिसातला एक जण आपल्या तेरा वर्षांच्या मुलीला हरणाच्या शिकारीसाठी बंदूक शिकवत होता, आणि दादा उत्सुकतेपोटी त्यांच्याबरोबर रेंजवर जायचा. बंदूक कोणती? तर ठासणीची! हो, तीच. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी ठेवायची, गजाने ठासायची, मागे केप लावायची आणि बार काढायचा. दुसरा बार हवा असेल तर सगळं पहिल्यापासून. कोकणात शेताच्या राखणीसाठी परवान्यावर घेतलेल्या अशा बंदुका काही घरांत अजून आहेत. शिकारीवर मात्र आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, तेव्हा कुणी आजोबांची बंदूक काढून रानात जायचं मनात आणू नका. ओहायोत पांढऱ्या शेपटीच्या हरणांची शिकार कायदेशीर आहे, लहान मुलांसाठी वेगळे दिवस आहेत आणि ठासणीच्या बंदुकांसाठी जानेवारीत वेगळा हंगाम असतो.

आता मुद्दा. दुकानातून तयार काडतूस आणलं की त्यात जेवढी दारू आहे तेवढा धक्का खायचा. ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बार तुम्ही स्वतः भरता, म्हणजे धक्का किती खायचा हेही तुम्हीच ठरवता. आणि इथेच बरेच बाप चुकतात, असं दादाचं म्हणणं. स्वतःसाठी जो बार भरतात तोच पोरांना देतात. पहिल्याच दिवशी खांदा निळा होतो आणि पोरगी परत बंदुकीला हात लावत नाही. किंवा लावते, पण डोळे मिटून.

अकरावीचं फिजिक्स आठवा. गोळी पुढे जाते, बंदूक मागे येते, दोघांचा संवेग सारखा. पण ठासणीच्या बंदुकीत आणखी एक गोष्ट धरावी लागते, ती म्हणजे दारू. काळी दारू जळली तरी तिचा निम्म्याहून जास्त भाग वायू होत नाही, धूर आणि काजळी होऊन उरतो. त्यातला बराचसा नळीतून जोरात बाहेर फेकला जातो. म्हणजे दारूचं वजनही खांद्यावर येतं.

तिकडे दारू आणि गोळी 'ग्रेन'मध्ये मोजतात. साडेपंधरा ग्रेन म्हणजे साधारण एक ग्रॅम. मी वहीवर ढोबळ हिशेब केला. बंदूक 3 किलोची धरली. मोठ्या माणसाचा नेहमीचा बार 100 ग्रेन दारू आणि 300 ग्रेनची गोळी. त्यात बंदूक मागे येते ती सेकंदाला साडेचार मीटरच्या आसपास वेगाने. आता 60 ग्रेन दारू आणि 200 ग्रेनची गोळी घ्या. वेग उतरतो अडीच मीटरवर. फार फरक वाटत नाही ना? पण ऊर्जा वेगाच्या वर्गावर जाते. म्हणजे 30 ज्यूलच्या जागी 9-10 ज्यूल. दारू निम्मीही केली नाही आणि धक्का एक तृतीयांशावर आला. (जाहिरातींत 150 ग्रेनचे 'मॅग्नम' बारही असतात. त्यांचा हिशेब करायचा धीर मला झाला नाही.)

दुकानदार मात्र 'लहान मुलांसाठी खास' म्हणून हलकी, आखूड बंदूक दाखवतात. ती हातात छान बसते, हे खरं. दस्ता हाताच्या लांबीला बेताचा हवाच, नाहीतर मान वेडीवाकडी होते. पण बंदूक जितकी हलकी तितका तोच बार जास्त लागतो. म्हणून हलक्या बंदुकीत हलका बार, शिवाय दस्त्याला जाड रबरी गादी. कानांवर मफ तर हवेतच, कारण निम्मी भीती आवाजाची असते. आणि काही गोष्टींत प्रयोग चालत नाहीत. बंदुकीबरोबरच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेतच बार भरायचा, काळी दारू किंवा तिला पर्याय म्हणून बनवलेलीच दारू वापरायची. आधुनिक काडतुसातली बिनधुराची दारू साध्या ठासणीच्या बंदुकीत भरली तर नळी फुटू शकते. बार उडाला नाही तर निदान मिनिटभर नळी टार्गेटकडेच धरून ठेवायची, कारण कधीकधी तो उशिरा उडतो.

आपल्याकडे नेमबाजी शिकणारी बहुतेक मुलं एअर रायफलपासून सुरुवात करतात. तिचा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा. धक्का जवळजवळ शून्य, त्यामुळे सगळं लक्ष श्वास आणि चाप यांवर राहतं. त्या बापानेही आधी दोन महिने मुलीला पॉइंट टू टूवरच ठेवलं. मग 40 ग्रेन, मग 50, मग 60. मध्येच तो तिला न सांगता, बिनदारूच्या बंदुकीला वापरलेली केप लावून हातात द्यायचा. चाप ओढल्यावर नुसतं 'टक्'. नळी हलली तर मुलीला स्वतःलाच दिसायचं, बापाने काही बोलायची गरज नाही. मला हा प्रकार फार आवडला. आमच्या कॅम्पमध्ये कुणी केला असता तर!

हलक्या बाराची किंमत अंतरात मोजावी लागते. गोळी हळू जाते, लवकर खाली पडते, आणि लांबवर तिच्यात पुरेसा जोर उरत नाही. मोठ्या बाराने शंभर पावलांवरचं हरीण पडेल, इथे पन्नास-साठ पावलांतच यायला हवं. नाहीतर ते जखमी होऊन पळतं आणि झाडीत कुठेतरी रात्रभर तडफडतं. शिकार बरी की वाईट यावर आपण भांडू शकतो, मी स्वतः करणार नाही. पण जो करतो त्याने एका गोळीत, वेदना न देता करावी, यावर भांडण नसावं. हलका बार त्यासाठीच, कारण डोळे उघडे ठेवून मारलेली साधी गोळी ही डोळे मिटून मारलेल्या मॅग्नमपेक्षा नेमकी लागते. पण त्याबरोबर पन्नास पावलांची हद्दही पाळावी लागते.

जानेवारीत ते दोघं गेले. दादा त्या दिवशी बरोबर नव्हता, त्याला दुसऱ्या दिवशी ऑफिसात कळलं. थंडीत तीन तास बसल्यावर एक मादी आली, ओढ्यापलीकडे, नव्वदेक पावलांवर. बाप काही बोलला नाही. मुलीने नेम धरला, थोडा वेळ धरून ठेवला आणि बंदूक खाली घेतली. "लांब आहे," म्हणाली.

भरलेली बंदूक तशीच घरी न्यायची नाही, म्हणून संध्याकाळी ते रेंजवर थांबले आणि तो बार तिने मातीच्या बांधावर लावलेल्या कागदावर काढला. धूर निवळेपर्यंत ती कागदाकडेच बघत होती. मग घरी जाऊन गरम पाणी आणि साबणाने नळी धुणं आलंच. काळी दारू एका रात्रीत लोखंड खाते.

दादाला त्या कागदाचा फोटो मिळालाय, त्याने मलाही पाठवला. भोक मध्यापासून दोन बोटांवर आहे.