संसर्गप्रतिबंध, खाटेपाशी (भाग ४) : गाऊन कधी घालायचा?

हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण आपण मागच्या भागात पाहिले. त्यापुढचा प्रश्न नव्या सिस्टर-ब्रदरना हमखास अडवतो: गाऊन आणि हातमोजे नेमके कधी घालायचे?

रुग्णालयातला नियम सरळ आहे. प्रतिजैविकांना दाद न देणारा जंतू सापडला की रुग्णाची खोली वेगळी, आणि आत जाणाऱ्याने गाऊन, हातमोजे घालायचेच. काही दिवसांत रुग्ण घरी जातो. दीर्घकालीन देखभाल केंद्र मात्र तिथल्या वृद्धांचं घरच असतं. असे जंतू कोणतंही लक्षण न दाखवता त्वचेवर, आतड्यात महिनोन्महिने राहू शकतात. तेवढा काळ एखाद्या आजींना खोलीतच ठेवलं तर चारचौघांतलं जेवण, गप्पा, चालणं, सगळंच सुटेल.

म्हणून अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने नर्सिंग होमसाठी, म्हणजे अशाच देखभाल केंद्रांसाठी, २०१९ मध्ये मधला मार्ग आखला, 'एनहान्स्ड बॅरियर प्रिकॉशन्स'. २०२२ मध्ये त्याची व्याप्ती वाढली. आता असा जंतू अंगावर असलेल्यांबरोबरच जुनी जखम, कॅथेटर किंवा अन्न भरवण्याची नळी असलेल्या प्रत्येकासाठी तो लागू होतो, तपासणीत जंतू सापडलेला नसला तरी. अंघोळ घालणं, कपडे, चादर किंवा डायपर बदलणं, उचलून खुर्चीत बसवणं, नळीची किंवा जखमेची निगा राखणं, या कामांना गाऊन आणि हातमोजे हवेत. गोळ्या देताना, जेवणाचं ताट ठेवताना स्वच्छ हात पुरेत. जुलाब चालू असतील किंवा जखमेतला स्राव आवरत नसेल, तर मात्र रुग्णालयासारखीच कडक खबरदारी घ्यावी लागते.

यामागचं कारण साधं आहे. हे जंतू मुख्यतः कर्मचाऱ्यांच्या हातांवरून आणि कपड्यांवरून एका खाटेकडून दुसरीकडे जातात. त्यामुळे प्रशिक्षणात गाऊन घालण्यापेक्षा काढण्याचा सराव जास्त हवा: खोलीतून निघण्यापूर्वी तो आतच काढायचा, बाहेरची बाजू अंगाला लागू न देता गुंडाळून टाकायचा, हात स्वच्छ करायचे. तोच गाऊन घालून शेजारच्या खाटेकडे कधीही जायचं नाही.

नुसतं शिकवून भागत नाही, हे २०२० मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या कर्कलंडने दाखवलं. तिथल्या एका नर्सिंग होमशी जोडलेल्या कोविडच्या साथीत १०१ रहिवासी, ५० कर्मचारी आणि १६ भेटीला आलेले लोक बाधित झाले. या भागातल्या केंद्रांच्या पाहणीत अपुऱ्या सरावाबरोबरच साधनांचा तुटवडा, आजारी असताना कामावर येणं आणि एकाच वेळी अनेक केंद्रांत काम करणं, ही कारणं पुढे आली. म्हणजे दाराशी गाऊनचा साठा आणि आजारपणाची भरपगारी रजा, हे दोन्ही संसर्गप्रतिबंधाचेच भाग आहेत.

आपल्याकडच्या वृद्धाश्रमांत अंघोळ घालणं, डायपर बदलणं ही कामं बहुतेक वेळा मावशी आणि ब्यूरोकडून येणारे मदतनीस करतात. धोका जिथे सर्वांत जास्त, तिथे हात त्यांचे असतात. प्रशिक्षणाच्या यादीत पहिली नावं त्यांचीच लिहायला हवीत.

पुढील भागात: लघवीच्या कॅथेटरची रोजची निगा.